साठ दिवसांत सांगतो म्हणाले होते

‘अमक्यांचा मुलगा बेपत्ता झाला’ असं आपण मराठीत सहज बोलून जातो. व्याकरणाला धरून वाक्य बरोबर आहे, पण त्यात करणारा कोणीच नाही. मुलगा जणू आपल्या पायांनी चालत गेला आणि हरवला. नेपाळीतही शब्द हाच आहे, बेपत्ता. मात्र तिथली कुटुंबं त्याला एक क्रियापद आग्रहानं जोडतात: ‘बेपत्ता पारिएका’. म्हणजे बेपत्ता केले गेलेले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला तेव्हा त्याच्या नावातही हेच शब्द आले, ‘बेपत्ता पारिएका व्यक्तिको छानबिन आयोग’. त्या एका क्रियापदात सगळी तक्रार आहे. कोणीतरी रात्री दार वाजवलं, कोणीतरी नाव विचारलं, कोणीतरी गाडीत घातलं. त्या कोणालातरी नाव आहे, हुद्दा आहे, आणि माणूस कुठे नेला हे त्याला ठाऊक आहे.

नेपाळमधला सशस्त्र संघर्ष थांबून आता वीस वर्षं होत आली. तेवढ्यात तिथली राजेशाही गेली, नवं संविधान आलं, ज्यांच्या डोक्यावर बक्षिसं लावली होती ते पंतप्रधान झाले. मारल्या गेलेल्यांच्या आणि बेपत्ता केलेल्यांच्या घरचे मात्र अजून सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढताहेत. हे नेमकं कशात अडलंय, ते शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगायचा हा प्रयत्न. ‘संक्रमणकालीन न्याय’ (युद्ध संपल्यावर त्यातल्या अत्याचारांचा न्याय), ‘सत्य निरूपण आयोग’ (काय घडलं ते शोधणारा), ‘आम माफी’ (सरसकट माफी) असे शब्द बातम्यांत आले की आपण पान उलटतो. मीही उलटत असे. पण गाठ कुठे बसली आहे ते एकदा कळलं की हा विषय मुळीच परका राहत नाही.

दहा वर्षांचं युद्ध

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवाद्यांनी ‘जनयुद्ध’ पुकारलं. सुरुवात पश्चिमेकडच्या रोल्पा, रुकुम अशा डोंगरी जिल्ह्यांतून झाली. जमीन मूठभरांच्या हातात, जातीची उतरंड, काठमांडूपासून तुटलेली गावं आणि वर राजा, अशी ती परिस्थिती होती. पहिली काही वर्षं लढाई पोलीस आणि माओवादी यांच्यात होती. नोव्हेंबर २००१ मध्ये आणीबाणी लागली, सेना रस्त्यावर उतरली आणि माणसं उचलून नेण्याचं प्रमाण एकदम वाढलं. दहा वर्षांत सुमारे १७ हजार माणसं मेली. ज्यांचा काहीच ठावठिकाणा लागलेला नाही अशी १,३०० हून अधिक नावं रेड क्रॉसच्या यादीत आहेत.

उचलून नेण्याचं काम सेना आणि पोलिसांनी जास्त केलं. माओवाद्यांनीही अपहरणं केली, ‘खबऱ्या’ ठरवून माणसं मारली. हे दोन्ही एकाच दमात सांगायला हवं, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच आली आहे.

बर्दिया हा भारताच्या सीमेला लागून असलेला सपाट, भातशेतीचा जिल्हा. सगळ्यात जास्त माणसं तिथून गेली, दोनशेहून अधिक. त्यातले बहुतेक थारू समाजाचे. थारू हे तिथले मूळ रहिवासी, पण जमिनी गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या ते ‘कमैया’ म्हणून जमीनदारांकडे वेठीला राबले. ही वेठ २००० साली सरकारच्या निर्णयानं संपली. जमिनीचा प्रश्न माओवाद्यांनी उचलला म्हणून काही थारू तरुण त्यांच्याकडे ओढले गेले, आणि मग थारू दिसला की तो माओवादी, असा हिशेब सुरू झाला. कोण कुठल्या पक्षाचा हे न बघता घरातून, शेतातून पोरं नेली. वेठीतून सुटून दीड-दोन वर्षंही झाली नव्हती.

करारातलं पाचवं कलम

२१ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवादी नेते पुष्पकमल दाहाल ‘प्रचंड’ यांनी विस्तृत शांतता करारावर सह्या केल्या. त्या कराराच्या पाचव्या कलमात एक साधी, स्वच्छ गोष्ट लिहिली आहे. संघर्षात मारलेल्या आणि बेपत्ता केलेल्या माणसांची खरी नावं, जात आणि घरचा पत्ता दोन्ही बाजू साठ दिवसांत जाहीर करतील आणि त्यांच्या घरच्यांना कळवतील.

साठ दिवस म्हणजे जानेवारी २००७. इथे मी मुद्दाम थांबतो. सत्य आयोग, विशेष न्यायालय, भरपाई हे सगळं वेळखाऊ असतं हे मान्य. यादी जाहीर करायला आयोग लागत नाही. बराकीत नोंदवही असते, तुकडीचा प्रमुख कोण होता याचा कागद असतो. माओवाद्यांकडेही कमांडर होते आणि त्यांना आदेश देणारे होते. दोन्ही बाजूंनी ती यादी दिली नाही.

कारण करारावर सह्या करणारे दोघेही जबाबदार होते. एरवी युद्धात एक बाजू हरते आणि जिंकणारा हरलेल्यावर खटले चालवतो. इथे कोणी हरलंच नाही. माओवादी सरकारात आले आणि सेना होती तिथेच राहिली. सेनेच्या एका अधिकाऱ्याला कोर्टात उभं केलं की उद्या माओवादी नेत्याची पाळी, आणि उलटही तसंच. त्यामुळे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष या एका विषयावर गप्प राहण्यात एक झाले. सरकारं डझनाहून जास्त वेळा बदलली, या बाबतीत मात्र कुठल्याच सरकारची चाल बदलली नाही.

कुंकवाचा प्रश्न

आता घरात काय होतं ते बघू, कारण ‘न्याय’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोर्ट येतं आणि घर राहून जातं.

नवऱ्याला नेलं. तो मेला असं कोणी सांगत नाही, जिवंत आहे असंही सांगत नाही. बायकोनं काय करायचं? नेपाळी बाईचं सौभाग्य म्हणजे भांगातला सिंदूर, गळ्यातलं पोत, हातातला चुडा. ते उतरवलं तर नवऱ्याला तिनंच मारल्यासारखं. ठेवलं तर गाव म्हणतं, हिला लाज नाही. नोंदीच्या कागदावर लग्न झालेली की विधवा, यातलं एकच काहीतरी लिहायचं असतं आणि तिला दोन्ही लागू पडत नाही. सासरी जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. वाटा मागायला गेली तर मृत्यूचा दाखला आण म्हणतात. दाखला आणायचा तर नवरा मेला असं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं. कितीतरी बायकांनी अशी सही करायचं नाकारलं.

कायद्यात यावर एक तोड आहे. माणसाचा बारा वर्षं काहीच पत्ता नसेल तर तो मेला असं नेपाळचा कायदा धरतो. आपल्याकडे हीच मुदत सात वर्षं आहे. बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा ही रीत आपल्या धर्मशास्त्रातही आहे, नेपाळमध्येही आहे. तिथे कुशाचा पुतळा करतात. बुडालेल्या, वणव्यात सापडलेल्या, परदेशी गेलेल्या माणसासाठी ही सोय ठीक आहे. इथे प्रश्न वेगळा आहे. ज्यानं माणूस नेला तो जिवंत आहे, पगार घेतो, निवृत्तिवेतन घेतो आणि सांगत नाही. त्यानं तोंड उघडलं नाही म्हणून आपण गवताचा पुतळा का जाळावा, असं घरचे विचारतात, आणि मला याचं उत्तर सापडत नाही.

सरकारनं मदत दिली. तिला ‘अंतरिम राहत’ म्हणतात. टप्प्याटप्प्यानं ती एका मृत किंवा बेपत्ता माणसामागे १० लाख नेपाळी रुपयांपर्यंत गेली. ही रक्कम लहान नाही आणि त्यावर अनेकांची पोरं शिकली. पण ती ‘अंतरिम’ होती, खरी भरपाई पुढे ठरायची होती. शिवाय बलात्कार झालेल्या बायकांना आणि छळ सोसलेल्यांना त्या यादीत जागाच मिळाली नाही. तेव्हाच्या नेपाळी कायद्यात बलात्काराची तक्रार ३५ दिवसांच्या आत द्यावी लागे. सैनिकांनी किंवा बंदूकधारी कार्यकर्त्यांनी अत्याचार केलेली डोंगरातली बाई, संचारबंदी चालू असताना, ३५ दिवसांत कुठल्या चौकीत जाणार होती? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं नंतर नेपाळविरुद्धच्या एका प्रकरणात ही मुदत चुकीची ठरवली. ज्या बायकांची वेळ तेव्हा निघून गेली, त्या मात्र तशाच राहिल्या.

कुटुंबांच्या मोर्च्यांत एक घोषणा ऐकू येते: ‘सास कि लास’. सास म्हणजे श्वास. जिवंत असेल तर जिवंत द्या, नाहीतर प्रेत द्या. भाषांतर करायची फारशी गरज नाही, आपल्याला ती तशीच कळते.

रोज घडणारा गुन्हा

संघर्ष चालू असतानाच अनेक घरच्यांनी सर्वोच्च न्यायालयात ‘बन्दी प्रत्यक्षीकरण’चे अर्ज केले. आपल्याकडेही हाच शब्द आहे. माणूस तुमच्या ताब्यात आहे, त्याला कोर्टापुढे आणा, असा त्याचा अर्थ. सेना-पोलिसांचं उत्तर ठरलेलं असे: आम्ही असा कोणी पकडलेलाच नाही. माणूस ताब्यात असल्याचं सिद्ध झालं नाही की अर्ज फेटाळला जाई.

१ जून २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं असे ऐंशीहून अधिक अर्ज एकत्र घेऊन निकाल दिला. त्याआधी न्यायालयानं स्वतःचं एक कार्यदल नेमून काही प्रकरणं तपासली होती. सेना-पोलिसांचा इन्कार खोटा होता, माणसं त्यांच्याच ताब्यात होती, असं त्यात दिसलं. न्यायालयानं सरकारला सांगितलं: माणूस बेपत्ता करणं हा गुन्हा ठरवणारा कायदा करा, आंतरराष्ट्रीय कसोटीला उतरेल असा चौकशी आयोग नेमा, दोषींवर खटले भरा, कुटुंबांना मदत द्या.

इथे कायद्याची एक खरी अडचण आहे. ती समजून घेतली पाहिजे, कारण दोषींचे वकील तिच्यावरच उभे असतात. २००२ साली नेपाळमध्ये ‘माणूस बेपत्ता करणं’ नावाचा गुन्हाच नव्हता. फौजदारी संहितेत तो आला २०१८ मध्ये. आणि ज्या दिवशी कृत्य केलं त्या दिवशी ते गुन्हा नसेल तर मागाहून कायदा करून शिक्षा देता येत नाही, हे तत्त्व जगभर मानतात आणि ते योग्यच आहे. मग करायचं काय?

उत्तर एका साध्या फरकात आहे. समजा कोणी तुमचं पाकीट मारलं. चोरी त्या क्षणी झाली आणि संपली. पण कोणी तुम्हाला खोलीत डांबून ठेवलं तर गुन्हा पहिल्या दिवशी होऊन संपत नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडलं नाही, तो दिवसही गुन्ह्याचाच. माणूस बेपत्ता करणं हे या दुसऱ्या जातीचं कृत्य आहे. त्याचं काय झालं ते सांगेपर्यंत गुन्हा चालूच राहतो. आज सकाळीही तो घडला, कारण आज सकाळीही त्यांनी सांगितलं नाही. याला ‘सतत चालणारा गुन्हा’ म्हणतात आणि आंतरराष्ट्रीय कायद्यानं ही मांडणी स्वीकारली आहे. माणसं बेपत्ता करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात नेपाळ सामील झालेला नाही. भारतानं २००७ मध्ये त्यावर सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेतही या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही.

पंधरा वर्षांची मैना

काभ्रे जिल्ह्यातलं प्रकरण नेपाळमध्ये सगळ्यांना माहीत आहे. देवी सुनुवार यांनी सैनिकांनी केलेली एक हत्या पाहिली होती आणि त्याबद्दल त्या बोलल्या होत्या. १७ फेब्रुवारी २००४ रोजी सैनिक त्यांना शोधत घरी आले. त्या घरी नव्हत्या. सैनिकांनी त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीला, मैनाला नेलं. पांचखालच्या बराकीत तिचं डोकं पाण्यात बुडवलं, विजेचे झटके दिले. ती तिथेच मेली. तिला बराकीच्या आवारातच पुरलं.

आई बराकीच्या दारात गेली तेव्हा सांगण्यात आलं, अशी कोणी मुलगी इथे नाही. पुढे आंतरराष्ट्रीय दबाव वाढला आणि २००५ मध्ये लष्करी न्यायालय बसलं. तीन अधिकारी दोषी ठरले. खुनासाठी नाही, कार्यपद्धती पाळली नाही, मृतदेहाची विल्हेवाट नीट लावली नाही, अशा गोष्टींसाठी. शिक्षा सहा महिने, तीही चौकशीच्या काळात बराकीत राहण्यातच पुरी झाली असं धरलं. २००७ मध्ये सांगाडा उकरून काढला, डीएनए तपासणीत तो मैनाचाच ठरला. जिल्हा न्यायालयानं चार अधिकाऱ्यांवर अटकेचे आदेश काढले. त्यातला एक मेजर तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत चाडला होता. त्याला २००९ मध्ये परत पाठवलं, तर विमानतळावर सेनेनं त्याला आपल्याकडे घेतलं आणि पोलिसांच्या हाती दिलंच नाही. एप्रिल २०१७ मध्ये काभ्रे जिल्हा न्यायालयानं तिघांना खुनासाठी जन्मठेप सुनावली आणि मेजरला निर्दोष सोडलं. ते तिघे कोर्टात कधी आलेच नव्हते. निकाल त्यांच्या गैरहजेरीत लागला.

म्हणजे प्रेत मिळालं, पुरावा मिळाला, निकालही मिळाला. एवढं सगळं मिळवलेलं दुसरं कुटुंब नेपाळमध्ये क्वचित सापडेल. तरी तुरुंगाचं दार कोणासाठी उघडलं नाही.

माओवाद्यांच्या बाजूनंही असंच. गोरखा जिल्ह्यातल्या नंदप्रसाद आणि गंगामाया अधिकारी यांचा मुलगा कृष्णप्रसाद २००४ मध्ये चितवनमध्ये मारला गेला. खटला चालवा एवढीच मागणी घेऊन दोघं काठमांडूत उपोषणाला बसले. सप्टेंबर २०१४ मध्ये, ३३३ व्या दिवशी, नंदप्रसाद वीर रुग्णालयात वारले. न्याय मिळेपर्यंत अंत्यसंस्कार करायला गंगामाया तयार झाल्या नाहीत. नवऱ्याचं प्रेत वर्षानुवर्षं शवागारात राहिलं.

चौतारी

१६ जानेवारी २००२. लमजुंग जिल्ह्यातल्या दुराडांडाच्या शाळेत मुख्याध्यापक मुक्तिनाथ अधिकारी यांना माओवाद्यांनी बाहेर नेलं, त्यांच्याच मफलरनं झाडाला बांधलं आणि मारलं. झाडाला बांधलेल्या त्या मास्तरांचा फोटो हा या युद्धाचा सगळ्यात ओळखीचा फोटो आहे. त्याच लमजुंग जिल्ह्यातून, त्याच्या काही दिवस आधी, डिसेंबर २००१ मध्ये तेजबहादुर भंडारी यांना सुरक्षा दलांनी नेलं. ते परत आले नाहीत.

एकाच्या बापाला माओवाद्यांनी मारलं, दुसऱ्याच्या बापाला सरकारनं बेपत्ता केलं. राजकारणानं अशा घरांना कायम एकमेकांसमोर उभं केलं. ‘तुमचे मेले ते खबरी, आमचे मेले ते शहीद’ अशी ती भाषा. मुक्तिनाथ यांचा मुलगा सुमन आणि तेजबहादुर यांचा मुलगा राम, दोघांनीही ती भाषा सोडली. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी मिळून दोन्ही बाजूंच्या पीडितांची एक संघटना उभी केली, ‘द्वन्द्वपीडित साझा चौतारी’. चौतारी म्हणजे वाटेवरच्या वड-पिंपळाभोवतीचा दगडी पार, जिथे डोक्यावरचं ओझं उतरवून कोणीही टेकतो. आपल्याकडे गावचा पार असतो तसाच. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते. कारण दोन्ही बाजूंच्या नेत्यांचा बचाव एकाच गोष्टीवर उभा होता: आमच्यावर बोट ठेवणारे म्हणजे समोरच्या पक्षाची माणसं. दोन्हीकडचे घरचे एका पारावर येऊन बसले आणि तो बचाव लंगडा पडला.

२०१४ मध्ये सरकारनं सत्य आयोग आणि बेपत्तांचा आयोग नेमण्यासाठी कायदा केला. त्यात आयोगाला खून-बलात्कारासारख्या गुन्ह्यांतही माफीची शिफारस करण्याची मुभा होती. चौतारीच्या दोनशेहून अधिक पीडितांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं, पहिलं नाव सुमन अधिकारी. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायालयानं माफीची ती कलमं रद्द केली. गंभीर गुन्ह्यांत माफी नाही, पीडिताच्या संमतीशिवाय मेळ-मिलाप, म्हणजे समेट, नाही, आणि आयोग हा न्यायालयाला पर्याय नाही, असं बजावलं. सरकारनं फेरविचाराचा अर्ज केला, तोही एप्रिल २०२० मध्ये फेटाळला गेला.

आयोग असूनही काही का होत नाही

दोन आयोग २०१५ पासून आहेत. एक सत्य निरूपण आणि मेळ-मिलाप आयोग, दुसरा बेपत्तांचा. पहिल्याकडे ६३ हजारांच्या आसपास तक्रारी आल्या, दुसऱ्याकडे तीन हजारांहून अधिक. मुदती वाढल्या, अध्यक्ष बदलले, मधल्या काळात खुर्च्या रिकाम्या राहिल्या. या आयोगांच्या तपासातून एकही खटला उभा राहिला नाही.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आयोग निष्क्रिय होते एवढंच नुकसान झालं नाही. पोलिसांत तक्रार द्यायला गेलेल्याला उत्तर मिळे, ‘हा युद्धकाळातला मामला, आयोगाकडे जा.’ आयोगात गेलं की ‘कायद्यात दुरुस्ती व्हायची आहे, थांबा.’ म्हणजे जो रस्ता म्हणून बांधला तोच बांध झाला आणि वाहतं पाणी अडलं. मग काही जण परदेशात गेले. काही देशांचे कायदे छळासारखा गुन्हा कुठेही घडला तरी आपल्या कोर्टात चालवू देतात. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये नेपाळी सेनेतले कर्नल कुमार लामा यांना असंच पकडलं, पण २०१६ मध्ये ते निर्दोष सुटले.

ऑगस्ट २०२४ मध्ये कायद्याची दुरुस्ती अखेर झाली. तिच्यात काय आहे? मनमानी हत्या, बलात्कार आणि गंभीर लैंगिक हिंसा, माणूस बेपत्ता करणं, आणि अमानुष छळ, या गोष्टी ‘गंभीर उल्लंघन’ ठरल्या. त्यांना माफी नाही, त्यांचे खटले विशेष न्यायालयात. बाकीच्या प्रकरणांत मेळ-मिलाप करायचा तर पीडिताची मोकळी संमती हवी. इथपर्यंत चांगलं. पण आरोपीनं सत्य सांगितलं, माफी मागितली, भरपाई दिली, तर बलात्कार सोडून इतर गंभीर गुन्ह्यांत शिक्षेत ७५ टक्क्यांपर्यंत सूट मागता येते.

यावर कुटुंबांत दोन मतं आहेत. काही म्हणतात, निदान तोंड तरी उघडतील, हाडं कुठे आहेत ते कळेल. दुसरे म्हणतात, शंभरातले पंचाहत्तर सोडले तर राहिलं काय? मला पहिल्यांचं म्हणणं पटतं, एका अटीवर: सूट सत्याच्या मोबदल्यात असेल तर सत्य आधी हातात आलं पाहिजे. जागा दाखवा, उकरून बघू, जुळलं तर सूट. आधी सूट आणि मग ‘आठवत नाही’, असं होता कामा नये. मे २०२५ मध्ये नवे आयुक्त नेमले तेव्हा पीडितांच्या अनेक संघटनांनी उघड विरोध केला, कारण नेमणुका पक्षांनी आपापसांत वाटून घेतल्या असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर चारच महिन्यांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, सत्तरहून अधिक माणसं मेली, सरकार कोसळलं. सर्वोच्च न्यायालयाची इमारतही जळाली, कागदपत्रांसकट.

नेते या सगळ्याकडे कसं बघतात त्याची एक आठवण सांगतो. जानेवारी २०२० मध्ये काठमांडूत माघीच्या कार्यक्रमात प्रचंड यांनी जाहीर केलं की १७ हजारांपैकी पाच हजार मृत्यूंची जबाबदारी आपण घेतो, उरलेल्यांची तेव्हाच्या राजवटीनं घ्यावी. माघी हा थारूंचा सण. बर्दियातली ज्यांची पोरं नेली, त्यांचा. त्या समाजाच्या सणाला उभं राहून मृतांची अशी घाऊक वाटणी झाली आणि त्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं.

आपल्या मुंबईतले १०८

हे फक्त नेपाळचं आहे असं वाटत असेल तर घरच्या एका आकड्याकडे बघा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींत ९०० माणसं मेली आणि १६८ बेपत्ता झाली. पुन्हा तेच क्रियापद, ‘झाली’. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. कायदा-सुव्यवस्था राखण्यात राज्य कमी पडलं, असं म्हटलं. १६८ पैकी ६० जणांच्या वारसांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांची कुटुंबं सरकारला सापडली नव्हती. ती शोधायला समिती नेमून व्याजासह भरपाई द्यायचा आदेश झाला. मुंबईची दंगल आणि नेपाळचं युद्ध या वेगळ्या गोष्टी आहेत. पण माणूस गेला की काही वर्षांनी त्याचं कुटुंबही कागदावरून नाहीसं होतं, हे दोन्हीकडे सारखंच.

उकरायला किती वेळ लागतो

नेपाळमध्ये हे काम अशक्य आहे असं नाही. धनुषा जिल्ह्यात ऑक्टोबर २००३ मध्ये पाच तरुणांना सुरक्षा दलांनी नेलं होतं. त्यांच्या घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं फिनलंडच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या मदतीनं २०१० आणि २०११ मध्ये गोदार इथे कमला नदीच्या काठी खोदकाम केलं. पाचही सांगाडे मिळाले. डीएनए जुळला, अवशेष घरी आले.

डीएनए जुळवणं म्हणजे काय, तर हाडातल्या नमुन्याशी ताडून बघायला जिवंत रक्ताचं माणूस लागतं. आई-वडिलांचा नमुना सगळ्यात उपयोगी, कारण मुलाचा निम्मा डीएनए आईचा आणि निम्मा बापाचा असतो. भाऊ-बहीण चालतात, पण एकट्या भावाच्या नमुन्यावर खात्री देणं अवघड जातं. त्यामुळे खोदकाम आज सुरू होणार नसलं तरी नमुने आजच घेऊन ठेवावे लागतात. लाळेचा एक बोळा, नीट जपलेला, त्यावर नाव आणि नातं. २००२ साली वीस वर्षांचा मुलगा नेला असेल तर त्याची आई आता पासष्ट-सत्तरची आहे, बाप त्याहून मोठा. बर्दियातल्या एखाद्या गावात आज अशी आई वारली तर तिच्याबरोबर तो नमुनाही सरणावर जातो. नव्या आयुक्तांनी काय करायचं हे ठरवायला बसण्याआधी एवढं एक काम गावोगाव फिरून उरकता येईल. त्याला माफीचं कलम आड येत नाही, कोणाची सही लागत नाही. साठ दिवसही पुरतील.